केप टाउन आणि तिथला वाइनचा भाग लोकल गाइडबरोबर कसा बघायचा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

केप टाउनला जायचं ठरलं की व्हिसा आणि तिकीट यातच सगळं डोकं जातं, आणि गाइडचा विचार बहुतेक जण हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून करतात. मग काय होतं, हॉटेलवाला एक गाडी लावून देतो, गाडीवाला सकाळी पेंग्विन आणि दुपारी वाइन असं फिरवून आणतो, फोटो मस्त येतात, पण हे शहर असं का आहे आणि डोंगरापलीकडचे ते द्राक्षमळे कोणाच्या कष्टाने उभे राहिले हे काहीच कळत नाही. आम्ही सगळं स्वतः शोधून, मेल टाकून, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून ठरवलं होतं, त्यात बराच वेळ गेला, तुमचा जाऊ नये म्हणून सगळं एका जागी लिहितोय.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, सगळीकडे एकच गाइड घेऊ नका, त्या त्या जागेचा माणूस घ्या. दोन, आधी शहर आणि मग वाइन, हा क्रम उलटा करू नका. का ते पुढे येईलच.

१. कधी जायचं

तिथले ऋतू आपल्या उलटे. नोव्हेंबर ते मार्च उन्हाळा, जून ते ऑगस्ट पाऊस आणि थंडी. द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत चालते, वाइन कशी बनते ते डोळ्यांनी बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च धरा, तेव्हा फार्मवर ट्रॅक्टर, क्रेट, आंबलेल्या रसाचा वास असं सगळं चालू असतं. डिसेंबरचे शेवटचे आठवडे शक्यतो टाळा, तिथल्या लोकांच्याच सुट्ट्या असतात त्यामुळे गर्दी खूप आणि चांगले गाइड आधीच बुक झालेले.

उन्हाळ्यात आग्नेयेकडून जोराचा वारा येतो, तिथले लोक त्याला केप डॉक्टर म्हणतात. हा वारा तुमचा अख्खा प्लॅन हलवू शकतो, म्हणून कुठलाही दिवस घट्ट बांधू नका. शहर आणि वाइन मिळून सहा-सात दिवस तरी द्या, तीन दिवसांत उरकायचं असेल तर वाइनचा भाग सोडून द्या, खरंच.

२. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो आणि अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरमधून जातो. साधारण हे तयार ठेवा:

- पासपोर्ट, परत यायच्या तारखेनंतर किमान ३० दिवस वैध आणि दोन कोरी पानं
- डीएचए-८४ हा फॉर्म, काळ्या शाईने भरलेला, आणि फोटो
- गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह
- जायच्या-यायच्या तिकिटाचं बुकिंग, राहण्याचं बुकिंग, रोजचा कार्यक्रम
- नोकरी असेल तर रजेचं पत्र, धंदा असेल तर त्याचे कागद
- १८ वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. ग्रुपने जाणार असाल तर चौकशी करा, दक्षिण आफ्रिकेने २०२५ पासून भारत आणि चीनच्या पर्यटकांसाठी ठराविक मान्यताप्राप्त टूर ऑपरेटरांमार्फत व्हिसा सोपा करायची योजना सुरू केलीये.

यलो फीवरच्या लसीच्या सर्टिफिकेटपाशी बरेच जण अडकतात. नुसतं भारतातून जात असाल तर हे सर्टिफिकेट लागत नाही, पण तिकीट स्वस्त पडतं म्हणून अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून गेलात आणि तिथल्या एअरपोर्टवर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, किंवा बाहेर पडून केनिया फिरून मग पुढे गेलात, तर लागतं. लस घेतल्यावर १० दिवसांनी ती वैध धरतात आणि आपल्याकडे ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे अपॉइंटमेंट लागते, म्हणजे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही.

प्लगचं एक. तिथला सॉकेट मोठा तीन गोल पिनांचा, आपल्या गिझर-एसीच्या प्लगसारखा. मोबाइलचा चार्जर थेट बसत नाही, मोठ्या पिनांची टॉप असलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड घरून नेला की काम झालं.

३. गाइड खरा आहे का ते बघा

दक्षिण आफ्रिकेत पैसे घेऊन गाइडचं काम करायचं तर सरकारी नोंदणी कायद्याने लागते, २०१४ च्या टुरिझम अ‍ॅक्टमध्ये ते आहे. नोंदणी झालेल्या गाइडकडे बॅज आणि फोटोचं कार्ड असतं. कार्डावर तो कुठल्या प्रकारचा गाइड आहे तेही असतं, कोणी एकाच जागेचा, कोणी एका प्रांताचा, कोणी अख्ख्या देशाचा, शिवाय निसर्ग, संस्कृती आणि अ‍ॅडव्हेंचर असे वेगळे भाग. बोलणी करतानाच कार्डाचा फोटो मागा. खरा गाइड लगेच पाठवतो, त्यात त्याला काही वाटत नाही. जो टाळाटाळ करतो त्याला सोडा.

दुसरं म्हणजे ड्रायव्हर आणि गाइड ही दोन वेगळी कामं आहेत. गाडी चालवता चालवता दोन गोष्टी सांगणारा ड्रायव्हर म्हणजे गाइड नाही. दोन्ही एकच माणूस करणार असेल तर प्रवासी वाहतुकीचं परमिट आणि प्रवाशांचा विमा आहे का ते विचारा, कारण काही झालं तर तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले पहिले हेच विचारतील.

मेसेज करताना मी हे एवढं विचारायचो, तुम्हीही विचारा:

- तुम्ही स्वतः येणार का दुसऱ्या कोणाला पाठवणार?
- तुम्ही या भागात राहता का, किंवा वाढलात का?
- एंट्री फी, टेस्टिंग फी, पार्किंग, टोल यातलं काय काय रेटमध्ये धरलंय?
- वाऱ्यामुळे किंवा पावसामुळे रद्द झालं तर दिवस बदलून देणार का पैसे परत?
- कुठल्या फार्मवर नेणार आणि ते कोणी ठरवलं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कमिशन मिळतं म्हणून ठरलेल्या तीन फार्मवर सगळ्यांना नेणारे असतात, आणि तुम्हाला काय आवडतं हे उलट विचारणारेही असतात. उलट विचारणारा मिळाला की थोडे पैसे जास्त पडले तरी तोच घ्या.

४. पहिले दोन दिवस शहर, आणि पायी

शहराच्या मधल्या भागात फ्री वॉकिंग टूर असतात. फ्री म्हणजे शेवटी तुम्ही मनाने द्यायचं, पण गाइडची कमाई तीच असते, तेव्हा फुकट म्हणून निघून जाऊ नका, माणशी १०० ते २०० रँड द्या. एक रँड साधारण पाच रुपयांच्या आसपास धरा.

या टूरमध्ये कंपनीज गार्डन येते, जी १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा इथला पहिला प्रमुख यान फान रीबेकने डच जहाजांना भाजीपाला मिळावा म्हणून सुरू केली, आणि बाजूलाच स्लेव्ह लॉज आहे. तिथे नुसतं बाहेरून बघून पुढे जाऊ नका, आत जा. डच कंपनीने गुलाम ठेवायला १६७९ मध्ये बांधलेली ही इमारत आता म्युझियम आहे. केपला आणलेले गुलाम कुठले होते माहितीये, इंडोनेशिया, मादागास्कर, मोझांबिक, आणि आपल्याकडचे बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा इथले. जुन्या नोंदींमध्ये नावांपुढे 'फान बेंगालन', म्हणजे बंगालचा, असं लिहिलेलं सापडतं. काहींना ज्या महिन्यात आणलं त्या महिन्याचं नाव दिलं म्हणतात, आजही तिथे सप्टेंबर, फेब्रुआरी अशी आडनावं आहेत. भारतातून गेलेल्या माणसाला हे ऐकताना जे वाटतं ते वेगळंच असतं, आणि म्हणून गाइडला सांगून ठेवा की आम्ही भारतातून आलोय, या विषयावर जरा थांबा.

तिथून बो-काप. रंगीत घरांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ही केप मलय मुसलमानांची वस्ती, गुलामी संपल्यावर सुटलेली बरीच कुटुंबं इथे स्थिरावली. इथली अव्वल मशीद १७९४ ची, देशातली पहिली, आणि तिचे पहिले इमाम तुआन गुरू यांना त्याआधी रॉबेन आयलंडवर कैदेत ठेवलं होतं. इथे गाइड याच वस्तीतला हवा, यावर तडजोड नको. लोकांच्या ओट्यावर चढून, खिडकीला टेकून फोटो काढणाऱ्यांना तिथले रहिवासी कंटाळलेत आणि ते बरोबरच आहे. वस्तीतला माणूस बरोबर असला की लोक हसून बोलतात, एखादं दार उघडतं, चहा मिळतो. काही जणांकडे घरी स्वयंपाकाचा क्लास असतो, रोटी, समोसा आणि 'डाल्ची' नावाची बेसनाची भजी करायला शिकवतात, ती खाल्लीत तर कोणी सांगायला नको ती कुठून आली. शाकाहारी असाल तर आधी कळवा, ते करून देतात. आणि वाइन पिऊन किंवा बाटल्या घेऊन या वस्तीतल्या घरी जायचं नाही, एवढं भान ठेवा.

दुपारी डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम. १९६६ मध्ये वर्णभेदी सरकारने हा भाग फक्त गोऱ्यांचा असं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षांत ६० हजारांहून जास्त लोकांना उठवून शहराबाहेरच्या केप फ्लॅट्स या सपाट भागाच्या वाळूत नेऊन टाकलं, घरांवर बुलडोझर फिरवला. म्युझियमच्या जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा आहे, त्यावर लोकांनी आपापल्या घराच्या जागी नावं लिहिलीत. इथे त्याच वस्तीत वाढलेल्या माणसांबरोबर टूर करता येते, आधी विचारून वेळ घ्या. दोन दिवसांत एकच गोष्ट करायची असेल तर मी ही सांगेन.

रॉबेन आयलंडचं तिकीट जायच्या कितीतरी आधी ऑनलाइन काढा. बंदराजवळच्या वॉटरफ्रंटवरून बोट जाते, जाऊन-येऊन साडेतीन-चार तास. मंडेलांच्या २७ वर्षांच्या तुरुंगवासातली १८ वर्षं इथली. तुरुंगाच्या आत जे दाखवतात ते पूर्वी इथेच राजकीय कैदी होते, त्यांचं वय आता झालंय, ही सोय आणखी किती वर्षं मिळेल सांगता येत नाही. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून हे मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी नको.

५. डोंगर आणि समुद्र

टेबल माउंटन १,०८६ मीटर. केबल कार १९२९ पासून आहे, आत्ताच्या गाडीची जमीन वर जाताना गोल फिरते त्यामुळे जागेसाठी ढकलाढकली करायची गरज नाही. वारा वाढला की बंद, आणि दरवर्षी हिवाळ्यात देखभालीसाठीही काही दिवस बंद असते. सकाळी उठून आधी चालू आहे का ते बघा, आकाश स्वच्छ दिसलं तर त्या दिवशीचं बाकी सगळं सोडून वर जा. चढून जायचं असेल तर प्लाटेक्लिप गॉर्ज ही सरळ वाट आहे, सोपी म्हणतात पण उन्हात दमवते. कर्स्टनबॉश बागेतून जाणारी स्केलेटन गॉर्ज जास्त सुंदर, सावलीची, पण शिड्या आणि ओले दगड आहेत, तिथे डोंगराचा नोंदणीकृत गाइड घ्याच. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना वाटतं की यात काय एवढं, पण तिथे ढग दहा मिनिटांत खाली येतो आणि वाट दिसेनाशी होते. एकट्याने, अंधारात किंवा आडवाटेला जाऊ नका, लुटालूट होते.

शहराच्या दक्षिणेला, द्वीपकल्पाच्या टोकाशी असलेल्या केप पॉइंटचा एक दिवस. चॅपमन्स पीकचा रस्ता टोलचा आहे, दरड पडली की बंद करतात. सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सला पेंग्विन, लाकडी वाटेवरूनच बघा, २०२४ मध्ये ही जात अतिधोक्याच्या यादीत गेलीये. बबून माकडांसमोर खाण्याची पिशवी काढू नका आणि गाडीच्या काचा बंद ठेवा. आणि केप ऑफ गुड होप हे आफ्रिकेचं दक्षिण टोक नाही, ते अगुलास, अजून लांब पूर्वेला.

६. आता वाइन: कुठला भाग निवडायचा

सगळे भाग एका दिवसात होत नाहीत.

कॉन्स्टान्शिया शहरातच आहे, वीसेक मिनिटांवर. ग्रूट कॉन्स्टान्शिया हे फार्म १६८५ चं. इथली गोड वाइन एके काळी युरोपातल्या राजेरजवाड्यांकडे जायची, सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही जात होती. वेळ कमी असेल तर अर्धा दिवस इथेच द्या.

स्टेलनबॉश साधारण ५० किलोमीटर, १६७९ मध्ये वसलेलं, विद्यापीठाचं गाव, जुन्या पांढऱ्या घरांचे आणि ओकच्या झाडांचे रस्ते. इथे एक रात्र तरी रहा, गाव पायी फिरता येतं. पिनोटाज ही त्यांची स्वतःची लाल वाइनच्या द्राक्षाची जात इथल्याच प्राध्यापक पेरोल्डनी १९२५ मध्ये पिनो न्वार आणि सान्सो यांचा संकर करून तयार केली.

फ्रान्सहूक अजून पुढे, ७५-८० किलोमीटर, तिन्ही बाजूंनी डोंगर, धर्मछळामुळे फ्रान्समधून पळून आलेले ह्युगनो, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिश्चन लोक, १६८८ च्या सुमारास इथे आले. इथे वाइन ट्राम आहे, वेगवेगळ्या रंगांच्या लाइन, आधी बुक करायची, हव्या त्या फार्मवर उतरायचं आणि पुढच्या गाडीने पुढे. लोक इथे हावरटपणा करतात आणि सहा स्टॉप ठरवतात. तीन ठरवा, जेवणासह. आणि शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा.

आता क्रमाचं सांगतो. यान फान रीबेकने २ फेब्रुवारी १६५९ ला डायरीत लिहून ठेवलंय की आज केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली. गुलामांची पहिली मोठी जहाजं त्याच्या आदल्याच वर्षी, १६५८ मध्ये आली होती. म्हणजे मळे आणि गुलामी बरोबरच वाढली. स्लेव्ह लॉज आणि बो-काप बघून मग फार्मवर गेलात की ती पांढरी सुंदर घरं, अंगणातली मोठी घंटा, जी गुलामांना कामावर बोलवायला वाजायची, हे सगळं तुम्हाला दिसायला लागतं. आधी वाइन केलीत तर ती घंटा फोटोला छान एवढंच राहतं. पुढे कितीतरी वर्षं मजुरीचा भाग म्हणून वाइनच द्यायची पद्धत होती, 'डॉप' म्हणायचे तिला, कायद्याने बंद झाल्यावरही ती चालू राहिली आणि त्याचे परिणाम शेतमजुरांच्या घरांत अजून आहेत. गाइडला हे सरळ विचारा. चांगला गाइड उत्तर टाळत नाही, आणि मजुरांची भागीदारी असलेली, त्यांना जमीन किंवा नफ्यात हिस्सा देणारी फार्म कुठली तेही सांगतो. आम्हाला असा एक गाइड मिळाला, त्याचे आजोबा मळ्यात कामाला होते, त्याच्याबरोबरची दुपार बाकी सगळ्या ट्रिपपेक्षा मोठी वाटते मला. मुराती नावाच्या जुन्या फार्मवर अन्सेलाची गोष्ट ऐका, गुलाम आईच्या पोटी जन्मलेली ही बाई पुढे त्याच फार्मची मालकीण झाली, त्यांच्या एका वाइनला तिचं नाव आहे.

७. टेस्टिंग टेबलावर

पहिल्यांदा जाणारे इथे बुजतात, कारण नाही. पाच-सहा वाइन थोड्या थोड्या ओततात, हलक्या पांढऱ्यापासून जड लालकडे. शेजारी भांडं असतं, उरलेली त्यात ओता किंवा थुंका, कोणी वाईट मानत नाही, उलट जाणकार तेच करतात. हिशेब बघा, एका फार्मवर पाच घोट ३० मिलिलिटरचे म्हणजे १५०, तीन फार्म म्हणजे अर्ध्या बाटलीच्या वर. म्हणून तीनच्या पुढे जाऊ नका, सकाळी नीट नाश्ता करून निघा, पाणी पीत रहा.

सुरुवात शेनिन ब्लांपासून करा, तिथली सगळ्यात जास्त लावलेली जात, मग पिनोटाज, आणि बुडबुड्यांची हवी असेल तर कॅप क्लासिक. बाटलीवर वाइन ऑफ ओरिजिन लिहिलेलं असतं, १९७३ पासूनची ही पद्धत, द्राक्षं नेमकी कुठल्या भागातली ते त्यावरून कळतं.

शाकाहारी लोकांनी दोन गोष्टी विचारा. बरोबर खायला काय आहे, कारण चीज आणि चॉकलेटबरोबर बिल्टॉन्ग म्हणजे सुकवलेलं मांसही ठेवतात. आणि वाइन साफ करायला काय वापरलंय, काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, व्हीगन लिहिलेली असेल तर प्रश्न नाही. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी द्राक्षाचा रस काही फार्मवर मिळतो. काही लहान फार्म रविवारी बंद असतात, आणि टेस्टिंग साधारण चार-पाचला संपतं.

८. गाडी, पैसे, सुरक्षितता

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते म्हणून भाड्याने घ्यायचा मोह होतो. केप पॉइंटला घ्या, वाइनला अजिबात नको. रक्तात १०० मिलिलिटरला ०.०५ ग्रॅम ही मर्यादा आहे, तीन फार्म फिरून तुम्ही तिच्या आत राहणार नाही. शहरात अ‍ॅपवरच्या टॅक्सी व्यवस्थित मिळतात, पण लांबच्या फार्मवर संध्याकाळी बोलवली तर येईलच असं नाही, परतीची सोय सकाळीच पक्की करा. एअरपोर्टवर जवळ येऊन टॅक्सी विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

एटीएममध्ये मदत करायला येणाऱ्याला कार्ड देऊ नका, बँकेच्या आतलं मशीन वापरा. अंधार पडल्यावर शहराच्या मधल्या भागात पायी नको, हातात फोन धरून तर नकोच. रेस्टॉरंटमध्ये १० ते १५ टक्के टिप, पार्किंगला पिवळं जॅकेट घालून उभा असतो त्याला ५-१० रँड. पोलिसांचा नंबर १०१११, मोबाइलवरून ११२. लांगासारख्या टाउनशिपमध्ये, म्हणजे पूर्वी काळ्या लोकांसाठी वेगळ्या काढलेल्या वस्तीत, जायचं तर तिथेच राहणाऱ्या गाइडबरोबर, पायी, आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो नाहीत.

९. बाटल्या घरी आणताना

भारतात माणशी २ लिटर दारू ड्यूटीशिवाय चालते, म्हणजे ७५० च्या दोनच बाटल्या, नवरा-बायको असाल तर चार. बाटल्या चेक-इनच्या बॅगेत टाका, हातात ठेवल्या तर मधल्या एअरपोर्टवर काढून घेतात. फार्मवर जाड पॅकिंग मिळतं ते मागून घ्या.

तिथला व्हॅट १५ टक्के आहे आणि बाहेर नेणाऱ्या वस्तूंवर पर्यटकांना तो परत मिळतो, एकूण खरेदी २५० रँडच्या वर हवी आणि टॅक्स इनव्हॉइस हवं, साधी पावती चालत नाही. मोठ्या बिलावर तुमचं नाव-पत्ता घालायला सांगा. एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी व्हॅट रिफंडच्या काउंटरवर जाऊन वस्तू आणि बिलं दाखवून शिक्का घ्यायचा, बॅग एकदा आत गेली की दाखवायला काही उरत नाही आणि पैसे गेले. त्यामुळे त्या दिवशी एअरपोर्टला तासभर आधी पोचा आणि बाटल्या बॅगेत सगळ्यात वर ठेवा.